अनुभव धागा : लिनक्स आणि तत्सम मुक्त प्रणालींसोबतची तुमची वर्षं

लिनक्स, बीएसडी किंवा तत्सम काही (विंडोजऐवजी संगणक चालवणाऱ्या, कोड सगळ्यांना खुला असलेल्या प्रणाली) घरच्या वापरासाठी वर्षानुवर्षं चालवणाऱ्यांनी आपापली हकिकत लिहावी म्हणून हा धागा. सर्व्हर सांभाळणाऱ्यांचं बरंच वाचायला मिळतं. पत्रं टाइप करणारे, फोटो साठवणारे, बिलं भरणारे आपल्यासारखे लोक फारसं लिहीत नाहीत. सुरुवात मीच करते.

२००३ मध्ये नॉपिक्स या लिनक्सच्या एका प्रकाराची सीडी हाती आली. ती घालून संगणक चालू केला आणि हार्ड डिस्कला हातही न लावता अख्खा डेस्कटॉप समोर उभा राहिला. ७०० एमबीच्या चकतीत दाबून बसवलेलं दोनेक जीबीचं सामान होतं. सीडी काढली की मशीन पुन्हा जसंच्या तसं. त्यामुळे भीती गेली. पुढे उबुंटू या लिनक्सच्या दुसऱ्या प्रकाराचे लोक पत्ता कळवला की टपालाने फुकट सीडी पाठवायचे, तेव्हा २००५ मध्ये कायमचं बसवलं.

पण वायफाय चालेना. कार्डाच्या उत्पादकाने लिनक्ससाठी ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा प्रोग्राम, दिलाच नव्हता. एनडिसरॅपर नावाचा एक मार्ग होता: विंडोजच्या ड्रायव्हरमधली फाइल त्याच्या हवाली करायची आणि लिनक्सला ती आपलीच वाटेल अशी व्यवस्था करायची. कर्नल (लिनक्सचा गाभा) बदललं की बऱ्याचदा पुन्हा तीच खटपट. चार-पाच दिवस गेले, पण ड्रायव्हर म्हणजे नेमकं काय, कर्नल त्याच्याशी काय बोलतं, हे त्या दिवसांत समजलं. आधीच्या मशीनवर बिघाड झाला की एक चौकट यायची आणि 'ओके' म्हणायचं. इथे लॉग, म्हणजे काय घडलं याची नोंद, उघडून बघता येत होतं. मी टिकले ती त्यामुळेच.

सगळ्यात वाईट दिवस २०१२ मधला. पेनड्राइव्हवर आयएसओ (प्रणाली बसवण्याच्या चकतीची एका फाइलमधली प्रत) उतरवताना, डिस्कवर थेट लिहिणाऱ्या डीडीच्या कमांडमध्ये डिस्कच्या नावाचं शेवटचं अक्षर बीऐवजी ए पडलं. एसडीए म्हणजे माझी हार्ड डिस्क. डीडी काही विचारत नाही, लिहायला लागतं. थांबवेपर्यंत डिस्कचा सुरुवातीचा भाग गेला होता, आणि त्याबरोबर आत काय कुठे आहे याची नोंदही. फोटोरेक हे गेलेल्या फाइली शोधणारं साधन रात्रभर चालवलं. ते फाइलींची नावं बघत नाही. जेपेगच्या आरंभीची खूण ओळखून एकेक फोटो उचलतं. सकाळी बहुतेक सगळे फोटो परत मिळाले, नावं मात्र गेली होती. प्रत्येकाला एफ अक्षर आणि पुढे आकडे. फोटोच्या आत कॅमेऱ्याने लिहून ठेवलेली तारीख वाचून छोट्या स्क्रिप्टने पुन्हा नावं दिली. आता डीडीआधी डिस्कांची यादी काढते आणि आकारमान ताडून बघितल्याशिवाय एन्टर दाबत नाही. बॅकअप वेगळ्या डिस्कवर, दर रविवारी.

२०१४ पासून डेबियन स्टेबल (लिनक्सचा सावकाश बदलणारा प्रकार) आहे आणि त्याच्याबद्दल सांगण्यासारखं काही घडत नाही, हे मला फार आवडतं. तुम्ही कसे आलात, काय बिघडलं, का राहिलात, सविस्तर लिहा.

*

मला दिसत नाही, त्यामुळे माझा पहिला प्रश्न असायचा की बसवताना शेजारी कुणी डोळस माणूस लागेल का. डेबियनच्या इन्स्टॉलरचा मेनू आला की बीप वाजतो. मग एस दाबायचं, एन्टर मारायचं. थोड्या वेळात आवाज बोलायला लागतो आणि भाषा निवडण्यापासून डिस्कचे भाग पाडण्यापर्यंत सगळं वाचून दाखवतो. पहिल्यांदा हे एकट्याने पार पाडलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. आनंदाने झोप लागली नाही.

रोजचं काम ओर्का या स्क्रीन रीडरवर चालतं. मजकूर बोलून दाखवणाऱ्या ईस्पीकचा आवाज यांत्रिक आहे, पण मराठी वाचतो आणि वेग वाढवला तरी शब्द स्पष्ट राहतात. अडचणी येतात. एका अॅपच्या नव्या आवृत्तीत ओर्का नुसतं 'बटण, बटण, बटण' म्हणायला लागलं. चित्रं होती, पण बटणांना नावंच दिली नव्हती. मी बग (प्रोग्राममधला दोष) नोंदवला, प्रत्येक बटण दाबल्यावर काय होतं ते क्रमाने लिहून दिलं. त्याच्या पुढच्या आवृत्तीत नावं आली होती. ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा सगळ्या बटणांवरून दोनदा फिरून आलो.

*

हे बटणांचं वाचून थांबलेच. आजवर मी एकही बग नोंदवलेला नाही, आता नोंदवेन.

*

माझं थोडक्यात. ग्नोम २ या डेस्कटॉपची हाताला सवय होती. २०११ मध्ये ग्नोम ३ आलं, ते वेगळ्या विचाराने बांधलेलं होतं. मग मेट सापडलं. काही लोकांनी ग्नोम २ चाच कोड घेऊन तो पुढे चालू ठेवला होता. त्यांना कुणाची परवानगी मागावी लागली नाही, जीपीएल या लायसन्सने ती आधीच दिलेली होती. लायसन्स हा कागदी मामला नाही, हे मला त्या वर्षी पटलं.

*

फ्रीबीएसडीवाला मी एकटाच दिसतोय. झेडएफएस या फाइली साठवण्याच्या पद्धतीमुळे राहिलो. अपडेट करण्याआधी चालू प्रणालीची एक प्रत नाव देऊन ठेवतो. काही बिनसलं तर बूट मेनूतून जुनी निवडायची. आणि त्यांची हँडबुक वाचा, लिनक्सवाल्यांनीसुद्धा.

*

विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. बाबांच्या लॅपटॉपमध्ये टीपीएम २.० हा सुरक्षेचा भाग नाही, म्हणून ११ बसत नव्हतं. लिनक्स मिंट बसवलं. प्रिंटर लावल्याबरोबर ओळखला गेला. बाबांनी पत्त्यांचा खेळ कुठे आहे एवढंच विचारलं.

*

मी कोडिंग करत नाही, मराठी अनुवाद करते. हे काम बाहेरून सोपं वाटतं. इंग्रजीत 'अमुक डिलीट झालं' याला एकच वाक्य असतं आणि मधली जागा रिकामी. तिथे फाइल येणार, फोल्डर येणार की चित्र, ते अनुवाद करताना दिसत नाही. मराठीत फाइल काढली, फोल्डर काढला, चित्र काढलं. त्यात 'चित्र काढलं' म्हटलं तर पुसलं की रेखाटलं? दोन संध्याकाळ त्या एका वाक्यात गेल्या. शेवटी 'हटवून झालं' केलं, म्हणजे लिंगाचा प्रश्नच उरत नाही.

मेनूमधल्या शॉर्टकटचंही तसंच. आम्ही 'उघडा' लिहून पुढे कंसात इंग्रजी ओ ठेवतो, कारण कीबोर्ड कोणत्या लिपीवर असेल याचा भरवसा नसतो.

सध्या 'अनडू'वर अडलेय. 'पूर्ववत करा' बरोबर आहे, पण एका छोट्या बटणात मावत नाही, दोन्ही शब्द एकमेकांवर चढतात. कुणाला आखूड, बोलण्यातला शब्द सुचला तर इथेच लिहा.