परदेशात नोकरी धरताना सुट्टीचं आधीच बोलून घ्यावं की गप सही करावी?

गुहागरचा भाऊ
चुलत भावाच्या मुलाला दोन ऑफर आल्यात, एक दुबई एक रियाध, दोन्ही एसी मेंटेनन्सच्या. रियाधवाले पगार थोडा जास्त देतायत म्हणून घरात सगळ्यांनी तीच पक्की करून टाकली. मी विचारलं सुट्टी किती, तर म्हणे "कायद्याप्रमाणे". आता कायद्याप्रमाणे म्हणजे किती ते घरात एकानेही बघितलेलं नाही. सौदीत पहिली पाच वर्षं वर्षाला २१ दिवस आणि एकाच मालकाकडे पाच वर्षं झाली की ३०. युएईत वर्ष भरलं की ३० दिवस, आणि सहा महिने झाले पण वर्ष भरलं नसेल तर महिन्याला दोन दिवस. म्हणजे दर वर्षाला नऊ दिवसांचा फरक, आणि त्या नऊ दिवसांचा पगार धरला तर रियाधचा जास्तीचा पगार बराचसा तिथेच जिरतो.

दुसरी गोष्ट, हे ३० दिवस कॅलेंडरचे असतात. शनिवार-रविवार त्यातच, मधे ईद आली आणि काँट्रॅक्टमध्ये वेगळं काही लिहिलं नसेल तर तीही त्यातच. पुण्यात १८ पीएल म्हणजे भरपगारी रजा मिळणाऱ्या माणसाला वाटतं अरे वा ३० म्हणजे जवळपास दुप्पट, पण ते १८ कामाचे दिवस असतात, पाच दिवसांचा आठवडा धरला तर साडेतीन आठवड्यांच्या वर जातात, आणि दुबईचे ३० म्हणजे चार आठवडे दोन दिवस. फरक आठवडाभराचाही नाही.

माझं मत स्पष्ट आहे, रजा हा पगाराचाच भाग आहे आणि तो सहीच्या आधी कागदावर आला पाहिजे. किती दिवस, कसे मोजणार, घरी यायचं कंपनीचं तिकीट दर वर्षी की दोन वर्षांनी, आणि तारीख कोण ठरवणार. आपल्याकडे तर तारखेचं जास्तच, कारण २०२५ ला चतुर्थी २७ ऑगस्टला होती आणि २०२६ ला १४ सप्टेंबरला. "दर सप्टेंबरात सोडू" असं तोंडी बोलणं आपल्या काही कामाचं नाही. तुम्हाला काय वाटतं?

खेडवाला कुवेत
भाऊ राग मानू नका पण हे सगळं ऑफिसात बसणाऱ्यांसाठी ठीक आहे. हाताने काम करणाऱ्या पोराने इंटरव्ह्यूत सुट्टीचं तोंड उघडलं की पुढच्याला बोलावतात, बाहेर लाईन लागलेली असते. सरकारी नियमाने एजंटला ३० हजार आणि वर जीएसटी एवढीच फी घेता येते, पण गावात कोण किती भरून गेलाय आणि कुठून उचलून भरलेत ते सगळ्यांना माहितीय. ज्याच्या डोक्यावर ते कर्ज आहे त्याला तुम्ही सांगताय कॅलेंडर डे का वर्किंग डे ते विचार?

कुवेतचा कायदा तर कागदावर सगळ्यात चांगला आहे, ३० दिवस आणि २०१७ च्या दुरुस्तीनंतर त्यात वीकली ऑफ आणि सरकारी सुट्ट्या धरत नाहीत. पण साईटवरची पोरं जातात दोन वर्षांनी, दोन महिने एकदम, कारण कंपनीचं तिकीटच दोन वर्षांनी, आणि पोरं पण खूश असतात कारण दरवर्षी घरी आलं की सामान, भेटी, गावजेवण यात जमवलेलं निघून जातं. पहिली दोन वर्षं सुट्टी मागायची नाही, कर्ज फेडायचं, सुपरवायझरला कामाने आपलंसं करायचं, मग तो स्वतःच विचारतो कधी जायचंय. माझे काका, मामा, आळीतली अर्धी माणसं अशीच उभी राहिली आणि त्याच पैशावर खेड, दापोली, मंडणगडची घरं बांधली गेली. त्यांना अडाणी समजू नका.

दापोलीची वहिनी
अडाणी कोणीच म्हटलं नाही दादा. पण "पोरं खूश असतात" हे कोणी सांगितलं तुम्हाला? आम्हाला विचारा ना कोणीतरी. मिस्टर शारजाला. सासरे अचानक गेले तेव्हा कंपनीने सांगितलं आई-वडिलांसाठी तीन दिवस मिळतात, पगारी. आणि ते खरंच आहे, कायद्यातच तसं आहे, नवरा किंवा बायको गेली तर पाच आणि आई-वडील, मुलं, भावंडं गेली तर तीन. आता शारजाहून मुंबई, मुंबईहून गाडीने दापोली, पावसाळ्यातला घाट, यात एक दिवस यायला आणि एक जायला. दहावं-बारावं कोणी करायचं? वार्षिक रजेतून घ्या म्हटलं तर ती आधीच कंपनीच्या सोयीने कमी कामाच्या महिन्यात संपवायला लावलेली. शेवटी बिनपगारी रजा टाकली आणि त्यासाठी पण दहा फोन. इमर्जन्सीला वार्षिक रजेतले दिवस पुढचे-मागचे करून मिळतील एवढी एक ओळ आधी लिहून घेतली असती तर दुःखाच्या दिवसात एचआरच्या हातापाया पडायची वेळ आली नसती. भाऊ म्हणतात ते शंभर टक्के बरोबर आहे.

खेडवाला कुवेत
वहिनी, वाईट वाटलं वाचून. पण ती ओळ लिहून द्यायला कंपनी तयार झाली असती का, एवढाच माझा प्रश्न आहे.

गुहागरचा भाऊ
विचारल्याशिवाय कसं कळणार. आणि दोन वर्षांचं म्हणताय तर युएईच्या कायद्यातच आहे की मालकाने दोन वर्षांपेक्षा जास्त काळ रजा अडवायची नाही, कामगाराने स्वतःहून पुढे ढकलली किंवा पैसे घेतले तर गोष्ट वेगळी. तारीख कामाप्रमाणे मालक ठरवू शकतो पण कामगाराशी बोलून, आणि निदान महिनाभर आधी सांगून. हे माहिती असलेला पोरगा आणि नसलेला पोरगा सुपरवायझरसमोर सारखा उभा राहत नाही.

सावंतवाडीची सिस्टर
मी इंग्लंडमध्ये नर्स. इथे सगळ्यांना कायद्याने ५.६ आठवडे म्हणजे पाच दिवसवाल्याला २८ दिवस, पण लक्षात ठेवा त्यात आठ बँक हॉलिडे म्हणजे सार्वजनिक सुट्ट्या धरायची मालकाला मुभा आहे, म्हणजे हातात २० च राहतात. जाहिरातीत २८ वाचून प्रायव्हेट केअर होमला जाणाऱ्या मुलींनी हे नक्की विचारा. एनएचएसला म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत जॉईन झाल्यापासून २७ अधिक ते ८ बँक हॉलिडे, पाच वर्षांनी २९, दहा वर्षांनी ३३.

पण खरी गंमत दिवसांत नाही तासांत आहे. आमची रजा तासात मोजतात, २७ आणि ८ मिळून ३५ दिवस गुणिले साडेसात म्हणजे २६२.५ तास. आता माझी लाँग डे शिफ्ट साडेअकरा तासांची, म्हणजे एक शिफ्ट सोडली की साडेअकरा तास वजा. पहिल्या वर्षी मुली ३५ शिफ्टा सुट्टी मिळणार असं धरून घरी कळवतात आणि हिशोब केला की २२-२३ शिफ्टा निघतात. त्यात कोणी फसवत नाही, आठवड्याला तीनच शिफ्टा असतात म्हणून आठवडे तेवढेच भरतात, पण आधी माहिती नसेल तर तिकीट काढून बसल्यावर रडायची पाळी येते.

गणपतीचं मी असं जमवते. नाताळात आणि थर्टी फर्स्टला मी स्वतःहून काम घेते, इथल्या मुलींना ते दिवस हवे असतात, बदल्यात चतुर्थीचा आठवडा मी मागते. २०२५ ला कठीण होतं कारण २७ ऑगस्टला इथल्या शाळांना सुट्टी, पोरं असलेल्या सगळ्यांनाच तो आठवडा हवा होता. १४ सप्टेंबरला शाळा चालू असतात, तो मिळायला सोप्पा. म्हणून रजेचं वर्ष एप्रिलला सुरू झालं की मी पहिल्यांदा कालनिर्णय बघते मग रोटा म्हणजे ड्युटीचं वेळापत्रक. आई फोनवर विचारते "गणपतीक येतलंस मां?" आणि मला हो म्हणता येतं ते या आधी मागून ठेवल्यामुळे. खेडच्या दादांना एवढंच सांगते, इथे रजा मागितली म्हणून कोणी कामचुकार समजत नाही, उलट वर्षअखेरीला रजा शिल्लक राहिली तर मॅनेजर मागे लागते.

खेडवाला कुवेत
ताई तुमच्याकडे नर्स मिळत नाहीत म्हणून तुमचं ऐकतात. जर्मनी-इंग्लंडचं गल्फला लावू नका एवढंच म्हणतोय.

चिपळूण ते स्टुटगार्ट
जर्मनीचं नाव निघालं म्हणून लिहितो. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये इथल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कामगार पाठवायचा करार केल्यापासून चिपळूण-रत्नागिरीतले बरेच जण विचारतात. इथे कायद्याने सहा दिवसांच्या आठवड्याला २४, म्हणजे पाच दिवसांच्या आठवड्याला २०. कंपन्या बहुतेक २८-३० देतात आणि सार्वजनिक सुट्ट्या वेगळ्या. रजेत आजारी पडलात आणि डॉक्टरचं सर्टिफिकेट दिलंत तर ते दिवस परत मिळतात, हे आपल्याकडच्यांना सांगितलं तर खोटं वाटतं.

पण एक मेख आहे. पूर्ण रजेचा हक्क सहा महिने भरल्यावर लागतो, तोवर महिन्याला बारावा हिस्सा. जूनमध्ये जॉईन झालात तर चतुर्थीपर्यंत जेमतेम पाच-सहा दिवस साठतात. म्हणून मी म्हणेन रजेच्या आकड्यापेक्षा जॉईनिंगच्या तारखेवर बोला. इथे ते मागणं कोणाला खटकत नाही. गल्फमध्ये काय होतं ते तिथल्यांनी सांगावं, पण "मागायचंच नाही" ही सवय घेऊन माणसं इथेही येतात आणि पहिली दोन वर्षं ३० पैकी १० दिवस वापरतात, बाकीचे मार्चअखेर जातात. त्याचं मला जास्त वाईट वाटतं.

वेंगुर्ल्याचा खलाशी
तुम्ही सगळे दिवस मोजताय, आमच्याकडे दिवस मोजून उपयोग नाही. सीफेरर म्हणजे जहाजावर काम करणाऱ्यांसाठी एमएलसी २००६ या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे महिन्याला अडीच दिवस रजा, म्हणजे सहा महिन्यांच्या काँट्रॅक्टला १५. ते पैसे लीव्ह वेजेस म्हणून महिन्याच्या पगारातच घातलेले असतात, स्लिपवर वेगळी ओळ असते बघा. साईन ऑफ होऊन म्हणजे जहाज सोडून घरी आलो की पगार बंद. गावात लोक म्हणतात याला काय चार-चार महिने सुट्टी. सुट्टी नाही ती, बेकारी आहे पुढच्या जॉईनिंगपर्यंतची. रिलीव्हर म्हणजे आपल्या जागी येणारा माणूस आला नाही तर काँट्रॅक्ट लांबतं, आणि लांबलं की गणपती गेला.

तेव्हा भाऊंचं म्हणणं पटतं पण अर्धं. आकडा लिहून घेऊन काय करणार, त्या आकड्याला पैसे जोडलेत का ते बघा. दुबईला पण न वापरलेल्या रजेचे पैसे नोकरी सोडताना बेसिकवर म्हणजे मूळ पगारावर देतात, अलाउन्ससकट नाही. माझ्या भावाच्या ऑफरमध्ये बेसिक निम्म्याहून कमी आणि बाकी सगळे अलाउन्स, वरून पगार मोठा दिसतो. रजा न घेता साठवून पैसे घेऊ म्हणणाऱ्यांनी आधी बेसिकची ओळ वाचा.

रत्नागिरी पेरोल
इकडची बाजू कोणी बोलत नाहीये म्हणून. परदेशात जायच्या घाईत लोक इथली शिल्लक रजा तशीच सोडतात. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यात दर २० दिवस कामामागे एक दिवस भरपगारी रजा आहे आणि ती ४५ दिवसांपर्यंत साठते. राजीनामा दिलात तर तिचे पैसे फुल अँड फायनलमध्ये म्हणजे शेवटच्या हिशोबात आले पाहिजेत, आणि खाजगी नोकरीत अशा पैशांवर आयुष्यभरात मिळून २५ लाखांपर्यंत करमाफी आहे, अर्थात आयकराच्या सूत्राच्या मर्यादेत.

त्याच कंपनीच्या परदेशी ऑफिसला बदली होत असेल तर अजून सावध. इथली पीएल तिकडे आपोआप जात नाही, तिकडची कंपनी कायद्याने वेगळी असते. सर्व्हिस जुनी धरणार की नवीन हे मेलवर विचारा, कारण पाच वर्षांनी रजा वाढते अशा ठिकाणी तुमची इथली सात वर्षं शून्य होतात.

खेडवाला कुवेत
पेरोलवाल्यांचा मुद्दा चांगला, हा मला नवीन होता.
पण मूळ गोष्टीवर मी ठाम आहे. ज्याच्याकडे दुसरी ऑफर नाही त्याने सुट्टीवरून अडून बसू नये. ज्याच्याकडे दोन आहेत, भाऊंच्या पुतण्यासारख्या, त्याने बोलावं. सगळ्यांना एकच सल्ला देऊ नका, कारण हे वाचून उद्या एखादा पोरगा आलेली ऑफर घालवून बसेल आणि त्याच्या घरी हप्ते भरायला तुमच्यापैकी कोणी जाणार नाही.

दापोलीची वहिनी
अडून बसा कोण म्हणतंय, विचारा म्हणतोय आम्ही. दादा, विचारणं आणि अडणं यात फरक आहे. आणि दहावी न झालेल्या पोरांचा पासपोर्ट ईसीआर असतो, म्हणजे गल्फला कामाला जायला आधी सरकारी परवानगी लागते, आणि त्यांचं काँट्रॅक्ट ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर चढवावंच लागतं. त्यात रजेचं काय लिहिलंय ते वाचून दाखव एवढं तर एजंटला म्हणता येईल? त्याला पैसे दिलेत ना आपण? वाचता येत नसेल तर सोबत शिकलेली बहीण घेऊन जा, बायको घेऊन जा.

खेडवाला कुवेत
हे मान्य. वाचून घ्यायलाच पाहिजे. माझ्या वेळेला आम्ही इंग्लिश-अरबी कागदावर आंधळी सही केली होती, सगळ्यांनीच.

गुहागरचा भाऊ
पुतण्याशी काल रात्री बोललो. रियाधवाल्यांना मेल टाकलाय, २१ च्या जागी ३० पहिल्या वर्षापासून देता का आणि तिकीट दरवर्षी की दोन वर्षांनी. सौदीत रजेचा पगार निघायच्या आधी द्यावा लागतो तेही त्याला सांगून ठेवलं. दुबईवाल्यांना बेसिक किती ते विचारलंय, खलाशीभाऊंनी सांगितलं म्हणून. घरचे अजून म्हणतायत कशाला नसत्या चौकशा करतोस, हातची जाईल. चार दिवस थांबा म्हटलंय त्यांना. उत्तर आलं की इथेच लिहीन, नाही म्हणाले तरी लिहीन.