चार वर्षांच्या पोराला घेऊन मेलबर्नला चाललोय, आतापासून घरात इंग्लिशच बोलायचं का?

शहापूरची_सून
नमस्कार मंडळी. आम्ही बेळगावचे, शहापूरला राहतो, सासूसासरे, दीर, जाऊबाई सगळे एकत्र. मिस्टर आधीच मेलबर्नला गेलेत, टार्निटला भाड्यानं घर घेतलंय, आमचा १९० चा व्हिसा आहे म्हणजे पीआर, कायम राहायची परवानगी, आणि मी जानेवारीत दोन्ही मुलांना घेऊन जाणार. मोठ्याला नोव्हेंबरात चार पूर्ण झाली, धाकटी सव्वा वर्षाची.

तर मोठा घरात मराठी बोलतो, गल्लीतल्या पोरांबरोबर कन्नड, कार्टून बघून थोडं हिंदी पण येतं, खरं इंग्लिश म्हणाल तर रंग आणि आकडे, बास. आता ज्याला कळतं तो सांगून जातो की मराठी बंद करा, आतापासून इंग्लिशच बोला, नाहीतर पोरगं तिथं मुकं बसेल. म्हणून मी जेवताना इंग्लिशमध्ये बोलायला लागले तर तो माझ्या तोंडाकडं बघत राहतो आणि ताट उचलून सरळ आज्जीजवळ जाऊन बसतो. ते बघून मला लई कसंतरी होतं. तुमच्यापैकी कुणी लहान मुलं घेऊन तिकडं गेलं असेल तर सांगा, खरंच मराठी सोडायची का? आणि तिथं घरात मी एकटी, दोन मुलं, मिस्टर दिवसभर कामावर, सासूबाईंना बोलावून घ्यावं का सुरुवातीलाच?

निपाणीकर_सिडनी
अक्का, अजिबात बंद करू नका. मला एक सांगा, तुमच्या पोराला गल्लीत कन्नड कुणी शिकवलं? घरात मराठी बंद करून शिकवलं का? नाही ना, खेळता खेळता आलं. आपल्या भागात हे पिढ्यान् पिढ्या चालू आहे, घरी मराठी, बाजारात कन्नड, शाळेत तिसरीच भाषा, आणि कुणाचं काही बिघडत नाही. इंग्लिश पण तसंच येणार, आणि तुम्हाला वाटतं त्याच्या आधी येणार, मग पुढं काळजी उलटी सुरू होते की आता मराठीत उत्तर का देत नाही. आमची मुलगी प्रेपच्या, म्हणजे शाळेच्या पहिल्या वर्षाच्या वयाची असताना, इकडं न्यू साउथ वेल्समध्ये त्याला किंडरगार्टन म्हणतात, घरी येऊन पण इंग्लिशच बोलायला लागली, आम्ही मात्र उत्तर मराठीतच देत राहिलो, आता आज्जीशी फोनवर तास तास बोलते.

चिकोडीची_मेलबर्न
मी इथं चाइल्डकेअर सेंटरमध्ये एज्युकेटर आहे म्हणून थोडं सविस्तर लिहिते, लांबलं तर सांभाळून घ्या.

नवीन भाषेत टाकलेलं तीन-चार वर्षांचं मूल सुरुवातीला गप्प बसतं, हे अगदी नेहमीचं आहे, काही मुलं तर कितीतरी महिने सेंटरमध्ये एक शब्द बोलत नाहीत. खरं ते गप्प म्हणजे रिकामं नसतं, सगळं ऐकत असतं, दुसऱ्या मुलाच्या बाजूला बसून तसंच खेळतं, बोटानं दाखवतं, मान हलवतं, आणि मग एक दिवस अख्खं वाक्य बोलतं. त्या काळात घरची भाषा काढून घेतली तर त्याच्याकडं मन मोकळं करायला काहीच उरत नाही. इथं आम्हीच पालकांना सांगतो की घरी तुमच्या भाषेत बोला, गोष्टी सांगा. फक्त एक बघा, घरी मराठीत पण बोलेनासा झाला किंवा हाक मारली तरी लक्ष नसेल तर जीपीला म्हणजे फॅमिली डॉक्टरला सांगून कान तपासून घ्या.

पहिल्या दिवशी आम्ही आईकडनं शब्द लिहून घेतो, पाणी, शू, शी, दुखतंय, आई येणार. ते इंग्लिश अक्षरांत लिहून भिंतीवर चिकटवतो. एखादं मूल रडायला लागलं की आमची ऑस्ट्रेलियन बाई तिच्या उच्चारात "आई येनार, आई येनार" म्हणते, आणि पोर थांबतं हो. तुम्ही पण असा कागद करून न्या, आणि मुलाला चारपाच इंग्लिश शब्द तेवढे शिकवा, टॉयलेट, वॉटर, हेल्प, स्टॉप. तेवढं बास.

तुमचा मुलगा एप्रिलअखेर पाचचा होत नाही म्हणजे पुढचं वर्ष त्याचं फोर-इयर-ओल्ड किंडरचं, म्हणजे शाळेआधीच्या बालवाडीचं, आणि त्याच्या पुढच्या वर्षी प्रेप. व्हिक्टोरियात किंडर फ्री आहे, साधारण आठवड्याला १५ तास. धाकटीला सेंटरमध्ये घालायचं असेल तर पीआर आहे म्हणून चाइल्ड केअर सबसिडी मिळेल, म्हणजे फीचा काही भाग सरकार भरतं, मिळकतीप्रमाणं जास्तीत जास्त ९० टक्के, आणि ५ जानेवारी २०२६ पासून आई घरी असली तरी पंधरवड्याला ७२ तासांपर्यंत धरतात. गेल्या गेल्या नाव नोंदवा, आमच्या भागात वेटिंग लई असतं. पहिल्या हिवाळ्यात मुलं सारखी आजारी पडणार, नाक गळतं, ताप येतो, सेंटर घरी पाठवतं आणि त्या दिवसाची फी पण घेतं. ह्याची तयारी मिस्टरांनी पण ठेवावी, सगळं तुमच्याच अंगावर नको. फुल टाइम कायम नोकरी असेल तर त्यांना वर्षाला १० दिवस स्वतःच्या किंवा घरच्यांच्या आजारपणाची रजा असते.

डब्यात शेंगदाण्याची चटणी, चिक्की देऊ नका, बहुतेक ठिकाणी चालत नाही, ॲलर्जीच्या मुलांमुळं. आणि टोपी नेहमी बॅगेत, टोपी नसेल तर उन्हात खेळायला सोडत नाहीत.

वडगावचे_गुरुजी
पोरी, मी मराठी शाळेत मास्तर होतो, आता रिटायर. मुलगा-सून जिलाँगला असतात, आम्ही दोघं व्हिजिटर व्हिसावर जाऊन राहून आलोय. नातू माझ्याशी इंग्लिशमध्ये बोलायचा, मी मराठीत, आणि दोघांना दोघांचं कळायचं. खरं गोष्ट ऐकायची असली की मराठीतच मागायचा, कारण आज्जीची गोष्ट इंग्लिशमध्ये नव्हतीच.

तुझ्या सासूसासऱ्यांचा विचार कर. तू पोराची मराठी सोडवलीस तर फोनवर ती म्हातारी माणसं त्याच्याशी बोलणार काय? "हाय, बाय" वर दिवस कसे काढायचे? मी हे रागानं नाही, कळकळीनं सांगतोय.

त्यांना बोलवायचं तर थंडीत बोलवू नकोस, जून-जुलैत पाच-साडेपाचलाच अंधार पडतो आणि आपण घरात कोंडून जातो. सप्टेंबरनंतर बरं. व्हिसावर किती दिवस राहायची परवानगी आहे आणि "नो फर्दर स्टे" ची, म्हणजे तिथं राहून मुक्काम वाढवता येत नाही अशी अट आहे का, ते नीट वाचा, आणि हेल्थ इन्शुरन्स काढल्याशिवाय पाठवू नका, तिथला दवाखाना पाहुण्याला परवडत नाही. फोनची वेळ ठरवून घ्या. ऑक्टोबर ते एप्रिल मेलबर्न आपल्या साडेपाच तास पुढं, बाकीचे महिने साडेचार. आमचा फोन दुपारी जेवणाआधी असायचा, तिथं तेव्हा संध्याकाळचे सहा, मुलं घरी आलेली असतात.

शहापूरची_सून
गुरुजी, तुमचं वाचून डोळ्यात पाणी आलं. मामंजींना मोठ्यानं वाचून दाखवलं, ते काही बोलले नाहीत, नुसते मोठ्याला घेऊन फिरायला गेले. इंग्लिशचा नाद सोडला, आज मराठीत बोलत जेवला पोटभर. चिकोडीच्या ताई, लसींचं काय करायचं? दोघांच्या सगळ्या सरकारी केंद्रातच झाल्यात. आणि सासूबाई कुंदा बांधून देणार म्हणालेत, नेता येतो का?

चिकोडीची_मेलबर्न
कार्ड जपून हँडबॅगेत ठेवा, तारखा आणि नाव स्पष्ट हवं. तिथं जीपी किंवा कौन्सिलची (नगरपालिकेची) नर्स ते सरकारी रजिस्टरमध्ये चढवते, त्याशिवाय किंडरचं ॲडमिशन आणि सबसिडी दोन्ही अडतं. आपल्याकडं सरकारी केंद्रात एमआर (गोवर-रुबेला) देतात, त्यात गालगुंडाची लस नसते, कांजण्यांची पण नसते, त्यामुळं त्या तिथं द्याव्या लागतील, घाबरू नका. धाकटीची १८ महिन्यांची तपासणी कौन्सिलच्या मॅटर्नल अँड चाइल्ड हेल्थ नर्सकडं फुकट होते, फोन करून वेळ घ्या.

कुंदा नको, दुधाचे पदार्थ भारतातनं चालत नाहीत, एअरपोर्टवर काढून घेतात. खायचं जे काही असेल ते उतरताना भरायच्या प्रवासी कार्डावर "यस" लिहून दाखवा, लपवलं तर मोठा दंड. आणि मिस्टरांना सांगा, तुम्हाला आणायला येताना गाडीत दोन्ही मुलांच्या सीट बसवूनच या म्हणावं, सात वर्षांपर्यंत सक्ती आहे, मोठ्याला पण लागते.