मेटल गिटारसाठी ट्यूब ॲम्पच हवा? सॉलिड-स्टेटची बदनामी पुरे झाली

पामम्यूट (धागाकर्ता)

आमच्या बँडमधल्या एका पोराचा जुना १०० वॅटचा सॉलिड-स्टेट (काचेच्या ट्यूबऐवजी, म्हणजे व्हॉल्व्हऐवजी, ट्रान्झिस्टरवर चालणारा) गिटार काँबो (ॲम्प आणि स्पीकर एकाच पेटीत) वाजता वाजता मधेच बसायला लागला. आवाज एकदम अर्धा व्हायचा, मग जाड तार जोरात हाणली की परत पूर्ण. दुकानदाराने उघडूनही न बघता निकाल दिला: "ट्रान्झिस्टरवाला आहे, मेटलला कामाचा नाही. द्या टाकून, ट्यूब घ्या."

मी मागच्या इफेक्ट्स लूपच्या (बाहेरचे इफेक्ट जोडायच्या जागेच्या) सेंड आणि रिटर्नमध्ये एक छोटी पॅच केबल खुपसली. आवाज लगेच भरला, आणि नंतर कितीही हाणलं तरी बसला नाही. रिटर्न जॅकच्या आत एक पत्र्याची पट्टी असते. प्लग नसेल तेव्हा सिग्नल तिच्यातूनच पॉवर ॲम्पकडे (स्पीकर हलवणाऱ्या शेवटच्या भागाकडे) जातो. आपल्याकडच्या पावसाळ्यात ती काळी पडते. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून प्लग आतबाहेर केला, विषय संपला. यात ट्यूबचा काय संबंध?

मेटलचं डिस्टॉर्शन (फाटलेला आवाज) बहुतांशी प्रीॲम्पमध्येच, म्हणजे पॉवर ॲम्पच्या आधीच्या भागात, तयार होतं. पँटेरा बँडच्या डाइमबॅग डॅरेलचा नव्वदच्या दशकातला सगळा दरारा रँडलच्या सॉलिड-स्टेट हेडवर (स्पीकर नसलेल्या ॲम्पवर) उभा आहे. स्वीडिश डेथ मेटलचा करवती आवाज बॉसच्या एचएम-२ पेडलचा, त्यातही ट्यूब नाही. मग नवशिक्या पोरांना कर्ज काढायला का लावता?

ट्यूबग्रस्त

आला, डाइमबॅग आला! या वादात त्याला उठवल्याशिवाय तुमचं पान हलत नाही. हाच डाइमबॅग २००४ च्या सुमारास क्रँकच्या ट्यूब ॲम्पकडे वळला, ते सोयीस्करपणे गाळायचं. आणि बाकीचे? मेटालिकाचा १९८६ चा 'मास्टर ऑफ पपेट्स' मेसा बूगीवर. पीव्हीचा ५१५० ॲम्प आला १९९२ मध्ये, त्यानंतर निम्मं मेटल त्याच्यावर वाजलं. सगळ्या ट्यूब. तुमच्याकडे दोन-चार नावं आहेत, आमच्याकडे यादी आहे.

शिवाय यादी सोडा, पाम म्यूट करताना (तळहाताने तारा दाबून वाजवताना) छातीवर जो धक्का बसतो तो सॉलिड-स्टेटमध्ये कोरडा लागतो. कान असणाऱ्याला कळतं.

सोल्डरगन

धक्क्याचं कारण आहे, जादू नाही. ट्यूब ॲम्पचा आउटपुट इम्पीडन्स (स्पीकरच्या बाजूचा रोध) जास्त असतो, त्यामुळे स्पीकर आपल्या रेझोनन्सपाशी (ज्या सुरावर तो आपोआप घुमतो तिथे) मोकळा हलतो आणि बास फुगतो. साधा ट्रान्झिस्टर पॉवर ॲम्प स्पीकरला घट्ट धरून ठेवतो. म्हणूनच कित्येक चांगल्या सॉलिड-स्टेट गिटार ॲम्पमध्ये करंट फीडबॅक (स्पीकरमधल्या करंटचा अंश परत ॲम्पला) देऊन तो मोकळेपणा मुद्दाम आणलेला असतो. म्हणजे ट्यूबग्रस्त यांना जाणवतं ते खरं आहे, कारण मात्र ते सांगतात ते नाही.

आणि लोक तुलना कशाशी करतात? घरातल्या १० वॅटच्या डबीशी. बी सुरापर्यंत उतरवलेली खालची तार सुमारे ६२ हर्ट्झला वाजते. ६ इंची स्पीकर तिथे काय दिवे लावणार? शिव्या खातो ट्रान्झिस्टर. १२ इंची स्पीकर असलेला काँबो ऐका, मग बोला.

ब्लास्टबीट

ड्रमरचं ऐका जरा. तुमची ट्यूब असो नाहीतर टीव्ही, मिडचं (मधल्या सुरांचं) बटण शून्यावर नेलंत की मला तुमचं काहीही ऐकू येत नाही. बेडरूममध्ये भारी वाटतं, तालमीत गिटार गायब. मग हे लोक व्हॉल्यूम वाढवतात, मग मी जोरात वाजवतो, मग शेजारी येतात.

हम_तुम

मधेच विचारतो. माझा ॲम्प सतत घुंऽऽ करतो. थ्री-पिनची अर्थिंगची पिन काढली की एकदम शांत. तसाच वापरू का?

सोल्डरगन

अजिबात नाही! गिटारच्या तारा केबलमधून ॲम्पच्या चेसिसला जोडलेल्या असतात. आत काही बिघडलं तर २३० व्होल्ट थेट तुझ्या बोटांत. पिन आधी परत लाव.

मग गिटारची केबल काढून बघ. घुं थांबली तर दोष गिटार, केबल किंवा पेडलच्या ॲडॅप्टरमध्ये. इनपुटला काहीच नाही, व्हॉल्यूम शून्यावर, तरी घुं चालूच, तर पॉवर सप्लायचे फिल्टर कपॅसिटर म्हातारे झाले असण्याची शक्यता जास्त. ते मेकॅनिककडून बदलून घे. सगळी उपकरणं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावली तर अर्थ लूपची (दोन वाटांनी अर्थ जोडला गेल्याने होणारी) घुं बऱ्याचदा तिथेच जाते.

पामम्यूट

ट्यूबग्रस्त, आमच्या दोन-चार नावांत 'डेथ' बँडचा चक शुल्डिनर पण घाला. मार्शल व्हॉल्व्हस्टेट वापरायचा.

ट्यूबग्रस्त

नावातच व्हॉल्व्ह आहे महाराज! त्यात ट्यूब असते.

पामम्यूट

एक. प्रीॲम्पमध्ये एकच ईसीसी८३ ट्यूब. पॉवर ॲम्प पूर्ण ट्रान्झिस्टरचा, आणि तुमचा छातीवरचा धक्का तर पॉवर ॲम्पमधून येतो असं सोल्डरगन म्हणाले ना?

जुना घेणाऱ्यांसाठी: चालू केल्यावर स्पीकरचा कोन (कागदी पडदा) एका बाजूला ढकलला जाऊन तिथेच अडकला तर लगेच बंद करा. आउटपुट ट्रान्झिस्टर गेलाय आणि स्पीकरमध्ये डीसी जातोय. तो ॲम्प फुकट मिळाला तरी दुरुस्तीचा खर्च धरूनच घ्या. बटणं फिरवताना होणारी खरखर मात्र किरकोळ, तिच्यावर भाव पाडून मागा. मागे स्पीकरसाठी ४ ओहम किमान लिहिलं असेल तर त्याखाली जाऊ नका. आणि ५० ऐवजी १०० वॅट म्हणजे दुप्पट आवाज नव्हे, फक्त ३ डेसिबल जास्त.

ट्यूबग्रस्त

वाचून पटणार नाही. शनिवारी तालमीला या. माझा हेड, तुमचा हेड, कॅब (स्पीकरची पेटी) एकच. ब्लास्टबीट पाठ करून बसेल आणि ओळखेल.

ब्लास्टबीट

मी का? बरं, चहा-वडापाव तुमच्याकडून.

सोल्डरगन

आधी दोघांचा आवाज सारखा करून घ्या, नाहीतर जो मोठा तोच जिंकेल. आणि अदलाबदल करताना ट्यूबचा हेड कॅबशिवाय चालू ठेवू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळेल. पामम्यूटचा राहिला तरी चालेल.

ट्यूबग्रस्त

टोमणा पोचला.