मंडेलांनी उलटतपासणी टाळली, ती का?

मार्टिन ल्यूथर किंग आणि नेल्सन मंडेला यांच्या गाजलेल्या भाषणांची तुलना करताना किंग भावनेला हात घालतात आणि मंडेला तर्काला, असं वर्गीकरण केलं जातं. ते मला पटत नाही. किंग यांच्या १९६३ च्या ‘आय हॅव अ ड्रीम’ (माझं एक स्वप्न आहे) या भाषणाचा पूर्वार्ध स्वप्नाचा नाहीच. तिथे न वटलेल्या धनादेशाचा दाखला देऊन ते अमेरिकी राज्यघटनेतल्या वचनाचा हिशोब मागतात. हा सरळ युक्तिवाद आहे.

मंडेलांबद्दल एक गोष्ट या तुलनेत सुटते. २० एप्रिल १९६४ ला रिव्होनिया खटल्यात (दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी सरकारने मंडेला आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर घातपाताच्या आरोपावरून चालवलेला खटला) ते साक्षीदार म्हणून बोललेच नाहीत, आरोपीच्या पिंजऱ्यातून त्यांनी निवेदन केलं. अशा निवेदनाला कायद्याच्या दृष्टीने साक्षीइतकं वजन नसतं. पण उलटतपासणी होत नाही, त्यामुळे सरकारी वकिलांना त्यांना मध्येच अडवता आलं नाही. काही तास ते सलग बोलले. घातपाताची आखणी केल्याचं त्यांनी सुरुवातीलाच कबूल केलं (फाशीची टांगती तलवार असताना!), मग वेतन, शिक्षण, क्षयरोग यांची आकडेवारी मांडली. निवेदनाच्या शेवटच्या ‘मरायलाही तयार आहे’ या वाक्याला ताकद येते ती या कबुलीमुळे. नुसतं ते वाक्य उचलून तुलना केली, तर त्यामागचा माणूस आणि त्याने पत्करलेला धोका दोन्ही निसटतात.