मदत हवी आहे: व्हॉलीबॉल खेळणाऱ्या मुलीची उडी किती हवी, मोजायची कशी, आणि गुडघा दुखत असताना वाढवायची कशी?

नमस्कार मंडळी,

सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावात शाळेच्या मैदानावर मी संध्याकाळी मुलींना व्हॉलीबॉल शिकवते. विद्यापीठापर्यंत खेळले आहे, पण सेटर म्हणून, म्हणजे स्पाइक मारणारीला चेंडू उचलून देणारी. उडीचा सराव कसा बांधायचा हे मला रीतसर कुणी शिकवलेलं नाही. इथे खेळाडू, प्रशिक्षक, फिजिओ असतील तर त्यांचा सल्ला हवा आहे.

एक मुलगी आहे, अकरावीतली. उंची १६८ सेंमी. उभ्याने हात वर केला की बोटं २.१५ मीटरला लागतात. बोटांना खडू लावून रनअपने उडी मारली की खूण २.६५ च्या आसपास उठते. महिलांचं नेट २.२४ मीटरला, म्हणजे जवळजवळ कोपरापर्यंत हात नेटच्या वर. चेंडूचा अंदाज तर इतका चांगला की सेट थोडा वाकडा गेला तरी ती पाऊल बदलून पोचते.

पॅरिस ऑलिंपिकमध्ये इटलीने अमेरिकेला ३-० हरवलं तो सामना आम्ही सगळ्यांनी मिळून पाहिला. तेव्हापासून ही इटलीच्या पाओला एगोनूची वेडी झाली आहे. एगोनूचा स्पाइक रीच (चेंडू मारताना उडी घेऊन हात पोचतो ती उंची) ३.४४ मीटर असं कुठेतरी वाचून मला म्हणाली, "ताई, मी ऐंशी सेंमी मागे आहे." मी तिला क्यूबाच्या मिरेया लुईसबद्दल सांगितलं. उंची फक्त १.७५, आणि १९९२, १९९६, २००० अशी ऑलिंपिकची तीन सुवर्णपदकं. तिचा रीच ३.३९ छापलेला असतो. ते ऐकून पोरीने आणखीनच मनावर घेतलं. मैदानावरचा सराव झाल्यावर घरी पायाला वाळूच्या पिशव्या बांधून जिन्यावर उड्या, शिवाय दोरीवरच्या उड्या. आता डाव्या गुडघ्याच्या वाटीच्या अगदी खाली दुखतं. सुरुवातीला दुखतं, अंग तापलं की थांबतं, दुसऱ्या दिवशी जिना उतरताना पुन्हा ठणकतं.

विचारायचं ते असं. हे ३.४४, ३.३९ आकडे खरे धरायचे का? आमच्याकडे मोबाइल सोडून काही साधन नाही, तर उडी नीट मोजायची कशी? आणि सगळ्यात महत्त्वाचं, तिला आत्ता पूर्ण थांबवू का? राज्य निवड चाचणी तोंडावर आहे. थांब म्हटलं तर ती रडेल, आणि थांबवलं नाही तर गुडघा जाईल, अशी भीती वाटते.

प्रतिसाद: मैदानवेडा

ताई, रीच आणि उडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आधी तिच्या मनात पक्कं करा. रीचमध्ये उंची येते, हाताची लांबी येते, खांदा किती वर उचलला जातो तेही येतं. एगोनूची उंचीच सहा फुटांच्या वर आहे. ऐंशी सेंमीच्या फरकातला मोठा भाग तिथेच गेला, तो सरावाने भरून निघणारा नाही. शिवाय छापलेले रीच बहुतेक वेळा संघांनीच कळवलेले असतात. मोजायची पद्धत सगळीकडे एक नसते, आणि ते फुगवलेले असण्याची शक्यताही मोठी.

लुईसचाच हिशोब करा. १.७५ उंचीच्या बाईचा उभा हात साधारण २.२५ ते २.३० ला पोचतो. ३.३९ मधून वजा केला तर मीटरच्या वर उडी येते. ती विलक्षण उडायची यात शंका नाही, पण या आकड्यावर कुणाच्या सरावाचं लक्ष्य ठरवू नये. वरच्या पातळीवरच्या महिलांची रनअपची उडी, नीट मोजली तर, बहुधा ५० ते ६० सेंमीत बसते. तुमची मुलगी खडूच्या खुणेने ५० वर आहे! हे तिला आजच सांगा. चीनची चू थिंग १.९८ उंच, तिचा छापील रीच ३.२७, म्हणजे एगोनूपेक्षा कमी. तरी २०१६ च्या रिओ ऑलिंपिकची सर्वोत्कृष्ट खेळाडू तीच.

मोबाइलवर मोजायचं तर स्लो मोशन, सेकंदाला २४० फ्रेमवर. कॅमेरा जमिनीलगत, पावलांवर रोखलेला. पायाची बोटं जमीन सोडतात ती फ्रेम आणि पुन्हा टेकतात ती फ्रेम मोजून हवेतला वेळ सेकंदांत काढा. त्याचा वर्ग गुणिले १.२२६, की उडी मीटरमध्ये. ०.६ सेकंद म्हणजे ४४ सेंमी. साध्या ३० फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम चुकली तरी पाच सेंमीचा घोळ होतो. गुडघे मुडपून उतरली तर वेळ उगाच वाढतो, म्हणून पाय सरळ ठेवून टेकायचं आणि मग वाकायचं. खडूच्या मापापेक्षा हा आकडा दहाएक सेंमी कमी येईल. टाच उचलून चवड्यावर उभं राहिल्याने मिळणारी उंची यात धरली जात नाही. तिला आधीच कल्पना द्या, नाहीतर उडी घटली म्हणून हिरमुसेल.

आणि रनअप बघा. उजव्या हाताची असेल तर डावा-उजवा-डावा. त्यातलं उजवं पाऊल लांब, टाच आधी, दोन्ही हात मागे पार वर. पुढचा वेग वर वळवायचा तो तिथेच. नेटच्या अंगावर जात असेल तर तिची ताकद आडवी वाया जाते आहे.

प्रतिसाद: नदीकाठ

मी फिजिओ आहे. न तपासता निदान करणार नाही, पण वर्णन वाटीखालच्या स्नायुबंधाच्या दुखण्याचं वाटतं, ज्याला जंपर्स नी म्हणतात. दुखरी जागा आणखी खाली, नडगीच्या हाडावर टेंगूळ आल्यासारखी असेल तर वाढीच्या वयातला वेगळा त्रास असू शकतो. म्हणून आधी दाखवून घ्या.

वाळूच्या पिशव्या आणि जिन्यावरच्या उड्या आजपासून बंद. पण खाटेवर झोपवू नका. पूर्ण विश्रांतीने दुखणं शांत होतं, स्नायुबंध मात्र कमजोरच राहतो आणि पहिल्याच सामन्यात पुन्हा दुखतं. उड्या मोजून कमी करा, दोन उडीच्या दिवसांमध्ये मोकळा दिवस ठेवा. पाठ भिंतीला टेकून अर्ध्या बैठकीत स्थिर थांबणं, मग हळूहळू वजन घेऊन सावकाश बैठका. किंचित दुखलं तर चालेल, दुसऱ्या दिवशी सकाळी वाढलेलं नको. एरवीही या वयात उडी वाढते ती पाय आणि नितंबांच्या ताकदीने. उतरताना गुडघे आत वळतात का, तेही त्या स्लो मोशनमध्ये समोरून पाहा. मुलींच्या गुडघ्याच्या मोठ्या दुखापती बहुतेक तशाच होतात.

एक विचाराल का तिला, एकटीला, प्रेमाने? पाळी नियमित आहे का, आणि हलकं व्हायचं म्हणून जेवण कमी केलंय का?

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. व्हिडिओ काढला. हवेतला वेळ ०.५७ सेकंद, म्हणजे ४० सेंमी. डावा गुडघा उतरताना आत येतो, ते मला नुसत्या डोळ्यांनी कधीच दिसलं नव्हतं. जेवणाचं विचारलं. रात्रीची भाकरी तिने सोडली होती. तिच्या आईशी बोलले आहे, आजपासून ताट पूर्ण वाढलं जाईल. सांगली-मिरजेत खेळाडूंचे गुडघे बघणारं कुणी माहीत असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, या आठवड्यातच घेऊन जाते.