मदत हवी आहे: पेरूवरचा मोसंबी-पेक्टिनचा थर चिकट राहतो, तिसऱ्या दिवशी फळाला ताडीसारखा वास

ज्यूस सेंटरवरून रोज मोसंबीच्या साली मिळतात. त्यांतून पेक्टिन (सालीतला जेलीसारखा घट्ट होणारा पदार्थ) काढून सरदार जातीच्या पेरूवर थर द्यायचा आहे. सध्याची कृती: १ किलो साली, २ लिटर पाणी, सायट्रिक अ‍ॅसिड घालून सामू (pH) २, ८५ अंशांवर १ तास, मग मलमलीतून गाळून निम्मं होईपर्यंत आटवणं. त्यात पेरू बुडवून वाळवतो. थर बोटांना चिकटतो, सालीवर तपकिरी डाग पडतात, आणि तिसऱ्या दिवशी कापला की बियांपाशी वास येतो. थर न दिलेले पेरू सुरकुततात, पण त्यांना वास नसतो. काय चुकतंय?

प्रतिसाद १
चूक आटवण्यात आहे. पाणी उडतं, पण सालीतली साखर आणि अ‍ॅसिड दोन्ही घट्ट होऊन उरतात. साखर हवेतली ओल ओढते म्हणून चिकटपणा. डाग बहुतेक अ‍ॅसिडचे.

आधी वरची पिवळी साल किसून टाका, तिच्यातल्या तेलाने पेरूला कडू वास लागतो. पांढरा भाग ३ मिनिटं उकळा, पाणी फेका, कोमट पाण्याने दोन-तीनदा धुवा. साखर जाते, आणि पेक्टिन तोडणारं एन्झाइमही मरतं. मग तुमचंच अ‍ॅसिडचं पाणी. गाळताना कापड पिळू नका, गर उतरतो. रस थंड झाल्यावर दुप्पट अल्कोहोल घाला, अन्न प्रतीचंच; सॅनिटायझर अजिबात नको. जवळ शेगडी नको. तासाभरात ओल्या कापसासारखे पुंजके वर येतात. ते ७० टक्के अल्कोहोलमध्ये धुऊन, पिळून, हवेशीर जागी आधी अल्कोहोल उडू द्या; मग ५० अंशांवर वाळवून दळा.

(नागपुरी संत्र्याच्या सालीला पांढरा भाग फारच पातळ असतो. मोसंबीच बरी.)

प्रतिसाद २
वासाचं कारण वेगळं. पेरू तोडल्यावरही श्वास घेतो. जाड थराखाली ऑक्सिजन संपला की आतल्या आत अल्कोहोल तयार होतं. पातळ थर द्या, १ लिटरला असं प्रमाण:

पेक्टिन १५ ग्रॅम, ग्लिसरीन ५ ग्रॅम, मधमाशीचं मेण ५ ग्रॅम, ग्लिसरॉल मोनोस्टिअरेट (मेण पाण्यात मिसळून धरणारं) १.५ ग्रॅम.

पेक्टिन ७० अंशांच्या पाण्यात चिमटीचिमटीने भुरभुरा, एकदम ओतलं तर गुठळ्या होतात. ८० अंशांवर मेण वितळवून बाकीचं घाला आणि ५ मिनिटं हँड ब्लेंडर फिरवा. मेण टाळू नका: नुसतं पेक्टिन वाफ अडवत नाही, फळ सुरकुततंच. सामू ४ च्या आसपास आणा, चिमूटभर खायचा सोडा पुरतो. ३० अंशांपर्यंत निवू द्या.

पेरू पक्व पण कडक हवेत, देठ थोडा ठेवून तोडलेले. ४ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट (जंतू मारणारं ब्लीच) लिटरभर पाण्याला २.५ मिली घालून त्यात पेरू २ मिनिटं ठेवा. मग साध्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडे करा. ओल्या सालीवर थर फाटतो. ३० सेकंद बुडवा, जाळीवर पंख्याखाली पाऊण तास ठेवा. साठवण १० अंशांवर. त्याखाली गारठ्याने साल काळवंडते.

फळमाशीने डंख मारलेलं फळ आधीच बाजूला काढा, अळी आत असते, थराने ती थांबत नाही.

धागाकर्ता
अल्कोहोलचा मुद्दा नेमका लागला. मेण वापरून विक्री करता येते का?

प्रतिसाद २
मधमाशीच्या मेणाला ताज्या फळांवर परवानगी आहे, पण लेबलवर मेणाचं नाव देऊन तसं लिहावं लागतं. पेक्टिनसह पूर्ण मिश्रणाबद्दल अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांकडून आधी लेखी विचारून घ्या. तोवर १० पेरू थराचे, १० बिनथराचे ठेवा, रोज वजन करा, चौथ्या दिवशी एक कापा. वास आलाच तर थर आणखी पातळ करा.