‘तिसरा कुठे आहे?’ : दोघांच्याच बँडचे आपले अनुभव

मागच्या शनिवारी पुण्यात एका छोट्या हॉलमध्ये दोन मुलांना वाजवताना ऐकलं. एक गिटार, एक ड्रमसेट, दोन माइक, एवढाच संसार. गिटारचा आवाज जाड आणि खरखरीत, गोणपाटासारखा, पण त्यातून गाण्याची चाल मात्र लख्ख ऐकू येत होती. त्यांना विचारलेलं नाही, म्हणून नाव इथे लिहीत नाही. आत्ता कुठे तीन गाणी आली आहेत त्यांची. दुसरं गाणं संपल्यावर शेजारच्या गृहस्थांनी मला विचारलं, “बाकीचे कधी येणार?” घरी येईपर्यंत तो प्रश्न डोक्यातून गेला नाही, म्हणून हे लिहायला घेतलं.

मला या आवाजाची ओढ 2013 मध्ये लागली. हॉस्टेलवर रूममेटच्या लॅपटॉपवर व्हँकुव्हरच्या जपानड्रॉइड्स या दोघांच्या बँडचा ‘सेलिब्रेशन रॉक’ हा अल्बम ऐकला. तो आदल्याच वर्षी आला होता. ब्रायन किंग गिटारवर, डेव्हिड प्राउझ ड्रमवर, गातात दोघंही. अल्बम फटाक्यांच्या आवाजाने सुरू होतो आणि फटाक्यांच्या आवाजानेच संपतो. मध्ये आठ गाणी, सगळी मिळून 35 मिनिटं. पहिल्यांदा ऐकताना मला वाटलं बाहेर कोणीतरी माळ लावली आहे, आणि मी उठून खिडकीपाशी गेले. नंतर वाचलं की 2006 मध्ये बँड सुरू केला तेव्हा त्यांनाही गायला वेगळा तिसरा माणूस हवा होता. मग तो विचार सोडून त्यांनी स्वतःच गायला सुरुवात केली. त्या गाण्यांत दोघं जीव तोडून ओरडतात ना, त्याचं मूळ मला तिथे दिसतं.

तुम्ही अशा बँडमध्ये वाजवलं असेल, कुठे ऐकलं असेल, किंवा घरात कोणी वाजवतं म्हणून रोज कानावर पडत असेल, तर जरूर लिहा. बँडची माहिती कुठेही मिळते. तुमच्या कानांनी काय पकडलं ते वाचायला आवडेल.

टोरंटोहून

तुम्ही जपानड्रॉइड्सचं नाव घेतलंत, मग लिहायलाच हवं. 2017 च्या ऑक्टोबरमध्ये मॅसी हॉलला मी त्यांना ऐकलं. इथे येऊन मला जेमतेम तीन महिने झाले होते, ओळखीचं कोणी नव्हतं, एकच तिकीट काढलं. मॅसी हॉल 1894 चा, आपल्या जुन्या नाट्यगृहासारखा, वर बाल्कन्या, खाली खुर्च्यांच्या रांगा. मोठमोठे वाद्यवृंद जिथे वाजून गेले त्या रंगमंचावर हे दोघंच. मला त्यांची काळजी वाटली, खरंच. एवढी मोठी जागा दोघं कशी भरणार?

पहिल्याच गाण्याला खुर्च्यांवर कोणी राहिलं नाही. त्यांच्या गाण्यांत जागोजागी नुसतं ‘ओऽऽ’ असतं, शब्दच नाहीत. तिथे सगळा हॉल गायला लागला. मला एकदम घरची आरती आठवली. मधली कडवी आपण पुटपुटतो आणि ‘जय देव जय देव’ आलं की ज्याला काही पाठ नाही तोही आवाज चढवतो. तसंच होतं ते. शेजारच्या मुलाने माझ्या खांद्यावर हात टाकला होता; त्याचं नाव मला आजही माहीत नाही. त्या रात्रीचं रेकॉर्डिंग पुढे 2020 मध्ये अल्बम म्हणून आलं. लॉकडाउनमध्ये मी तो लावायचो आणि त्या ‘ओऽऽ’मध्ये माझाही आवाज आहे हे मनात यायचं.

नाशिकहून

मी पेडल बनवतो, म्हणजे गिटारचा आवाज बदलणाऱ्या, पायाने दाबायच्या डब्या, म्हणून खरखरीचं थोडं तांत्रिक लिहितो. गिटारची तार छेडली की लहर उठते, तिचे माथे गोल असतात. ती क्षमतेबाहेर वाढवली की माथे कापले जातात. शिखर तासून पठार करावं तसं. त्या सपाट माथ्यांमुळे मूळ स्वराच्या वर नवे स्वर तयार होतात, आणि हीच फझ. याची सुरुवात एका बिघाडातून झाली, हे मला फार आवडतं. नॅशव्हिलमध्ये मार्टी रॉबिन्सच्या एका गाण्याच्या रेकॉर्डिंगला मिक्सरचा एक चॅनल बिघडला आणि ग्रेडी मार्टिनच्या सहा तारांच्या बेसचा आवाज फाटला. 1961 मध्ये ते गाणं तसंच बाहेर आलं. ग्लेन स्नॉडी या ध्वनिमुद्रकाने नंतर तोच आवाज मुद्दाम काढणारं सर्किट बनवलं आणि 1962 मध्ये माएस्ट्रो कंपनीचं फझ-टोन हे पेडल बाजारात आलं.

मी पहिल्यांदा बनवलं ते बिग मफ या फझ पेडलसारखं. मूळचं 1969 चं, न्यूयॉर्कचं. त्यात चार ट्रान्झिस्टर एकामागे एक असतात आणि मधल्या दोन टप्प्यांत डायोड लहर कापतात. पुण्याला तपकीर गल्लीत भाग घ्यायला गेलो. 2एन5088 हा ट्रान्झिस्टर मिळाला नाही, दुकानदार म्हणाले बीसी549 घे, चालेल. रात्री दोनपर्यंत डाग दिले, बॅटरी लावली आणि नुसती शांतता. दोन दिवस डोकं धरून बसलो. मग डेटाशीट शेजारी शेजारी ठेवल्या तेव्हा कळलं, दोघांच्या पायांचा क्रम उलटा आहे. सपाट बाजू समोर धरली तर एकाचा एमिटर नावाचा पाय डावीकडे, दुसऱ्याचा उजवीकडे. चारही काढून फिरवून बसवले. नंतर जो आवाज आला, त्याने टेबलावरच्या कपातला चमचा वाजायला लागला.

दोघांच्या बँडवाल्यांसाठी एक सांगतो. फझमधून अख्खी मेजर कॉर्ड, म्हणजे सा-ग-प एकदम, दाबून वाजवली तर स्वर एकमेकांत मिसळून चिखल होतो. षड्ज-पंचम वाजवा, स्वच्छ राहतं. म्हणून ही मंडळी खाली सा-प धरून ठेवतात आणि चाल गळ्याकडे किंवा वरच्या एकेका तारेकडे देतात. खरखर असूनही गाणं गुणगुणता येतं ते यामुळे.

मिरजेहून

इंग्रजी गाण्यांतलं मला काही कळत नाही. आमचं घर तंबोरे करणारं. पण वरच्या नाशिककर भावांनी षड्ज-पंचम म्हटलं आणि राहवलं नाही.

दिवाळीला पुण्याहून भाचा आला होता. मी घोडी घासत बसलो होतो आणि तो मोबाइलवर असलंच काही ऐकत होता. म्हटलं, मोठ्याने लाव. ऐकलं आणि हातातली कानस खाली ठेवली. तंबोऱ्याची जवारी काय असते? तार घोडीच्या कडेवर नुसती टेकत नाही, तिच्या उतारावर हलकी घासत राहते. तार आणि घोडीच्या मध्ये सुताचा धागा सरकवायचा. धागा केसभर पुढे नेला तर आवाज बंद, केसभर मागे तर झणझणाट. मधे एक जागा अशी येते की आवाज उघडतो, आणि एका तारेतून वरचे स्वर आपोआप गायला लागतात. ती जागा डोळ्यांना दिसत नाही, कानालाच सापडते. माझ्या वडिलांनी मला सात वर्षं जवारीला हात लावू दिला नव्हता.

त्या मुलांच्या गिटारमध्ये मला तेच ऐकू आलं. त्यांच्याकडे ते लहरीचा माथा कापून होतं, आमच्याकडे घोडीवर तार घासून, पण सुन्या आवाजात कानाचं भागत नाही ही गोष्ट एकच. आमच्या गावात शिकलगारांनी शस्त्रांना धार लावता लावता तंतुवाद्यं करायला घेतली. 2024 मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. भाच्याला म्हटलं, तुझ्या त्या गिटारवाल्याला एकदा इकडे घेऊन ये, जवारी कशी काढतात ते दाखवतो. येणार आहेत म्हणे.

ठाण्याहून

मी ड्रम वाजवते. आमचाही दोघांचाच बँड, दीड वर्ष झालं. शेजारचे गृहस्थ काय, स्टेजवरचे साउंडवाले दादासुद्धा हेच विचारतात. एकदा आम्ही सामान लावून वीस मिनिटं बसलो होतो आणि ते तिसऱ्याची वाट बघत होते!

बेस नसला की ड्रमवालीचं काम बदलतं. हे मला कोणी शिकवलं नाही, वाजवून कळलं. चारजणांच्या बँडमध्ये मी हाय-हॅटवर, म्हणजे झांजांच्या जोडीवर, आरामात असायचे. इथे गाणं खालून पोकळ वाटायला लागलं की माझा उजवा हात आपोआप फ्लोअर टॉमवर, जमिनीवर उभ्या मोठ्या ड्रमवर, जातो आणि तिथेच घुमवत राहतो. पाच वर्षं ढोल-ताशा पथकात ढोल वाजवला, एका हातात टिपरू आणि दुसऱ्या हाताची थापी. जमिनीतून येणारा तो घुमारा अंगात होता, तो इथे कामाला आला. गाणं म्हणत वाजवायला मात्र चार महिने लागले. श्वास कुठे घ्यायचा हे ठरवून ठेवावं लागतं, नाहीतर स्नेअरचा ठोका आणि शब्द एकदम आले की शब्द गिळला जातो. मी वहीत शब्दांच्या वर बारीक रेघा मारून श्वासाच्या जागा लिहिल्या आहेत.

मेग व्हाइटच्या ड्रमिंगला ‘सोपं’ म्हणून नाकं मुरडणारे खूप भेटतात. तिचा बँड व्हाइट स्ट्राइप्स म्हणजे 1997 ते 2011 डेट्रॉइटचे ते दोघंच, जॅक आणि मेग. ती जिथे थांबते तिथे गिटारला जागा मिळते. एकदा एका गाण्यात तिच्याएवढंच वाजवून बघा, एक ठोका जास्त न घालता. मला अजून जमत नाही.

आमचा गिटारवाला एक सिग्नल दोन अ‍ॅम्पमध्ये (आवाज मोठा करणाऱ्या पेट्यांत) पाठवतो, एक गिटारचा, एक बेसचा. खालचा आवाज त्या दुसऱ्या अ‍ॅम्पमधून येतो. एका ठिकाणी ऐनवेळी सांगितलं, एका वाद्याला एकच अ‍ॅम्प मिळेल. हुज्जत घालायला वेळ नव्हता. पूर्ण चाळीस मिनिटं मी फ्लोअर टॉम सोडला नाही. दुसऱ्या दिवशी मनगट सुजलं होतं. बँडवाल्यांनो, दोन अ‍ॅम्पचं आधी लेखी कळवा, आणि अर्थिंगमुळे येणारी ती ‘घूंऽऽ’ घालवायची व्यवस्था स्वतःच्या पिशवीत ठेवा.

कोल्हापूरहून

मी बेस वाजवतो, त्यामुळे हे सगळं वाचताना जरा लागतंच. मला असे बँड ऐकताना कायम खालचा एक मजला नसल्यासारखं वाटतं. ‘रॉयल ब्लड’ मात्र आवडतात. तिथे माइक केर बेस वाजवतो, बेन थॅचर ड्रम, आणि गिटारच नाही. बेसच्याच आवाजातून वरचा सप्तक काढून तो गिटारची जागा भरतो. 2014 चा त्यांचा पहिला अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला तेव्हा मी मित्रांना पेढे दिले होते.

डोंबिवलीहून

मी आईच्या बाजूने लिहिते. मुलगा आणि त्याचा शाळेपासूनचा मित्र, आमच्या आतल्या खोलीत. भिंतीला जुन्या गाद्या उभ्या लावल्या, खिडकीला गोधडी. तरी सोसायटीत तक्रार गेलीच. सेक्रेटरींशी बोलून रविवारी चार ते सहा अशी वेळ ठरवली, आणि खालच्या आजींना मी स्वतः जाऊन सांगून आले. सुरुवातीला मला नुसता मिक्सर चालू आहे असं वाटायचं. डोकं दुखायचं, खोटं कशाला बोलू.

एका सोमवारी पोळ्या लाटताना मी काहीतरी गुणगुणत होते. मुलगा डबा घ्यायला आला आणि दारातच थांबला. म्हणाला, “आई, हे आमचं आहे.” शब्द मला एकही येत नव्हता. चाल तेवढी माझ्यात येऊन बसली होती, एवढ्या आवाजातून, दोन गाद्यांच्या पलीकडून. त्यानंतर मी त्याला कधी म्हटलं नाही की आणखी कोणाला तरी घ्या तुमच्यात.

पुण्याहून

उशिरा लिहितोय. आमचाही असाच बँड होता, चार वर्षं. चौघांतला एक गेला तर दुसरा शोधता येतो. दोघांतला एक गेला की पोस्टर लावून काय शोधणार? मित्राला जर्मनीत, स्टुटगार्टला नोकरी लागली. मला आनंदच झाला, मी स्वतः त्याला विमानतळावर सोडलं. परत येताना त्याचा पेडलबोर्ड गाडीच्या मागच्या सीटवर होता.

जपानड्रॉइड्सनी 2024 मध्ये शेवटचा अल्बम काढून थांबायचं ठरवलं तेव्हा मी त्यांच्या सुरुवातीबद्दल पुन्हा वाचलं. 2009 मध्ये ‘पोस्ट-नथिंग’ लोकांपर्यंत पोहोचला, त्याच्या आधीच कंटाळून त्यांनी बँड बंद करायचं ठरवलं होतं. अल्बम तेवढा बाहेर काढायचा आणि संपवायचं. मग लोकांनी ऐकलं, आणि बँड पुढे पंधरा वर्षं टिकला. अशा बँडला सुरुवातीला कोणी ऐकलं की नाही, याने किती फरक पडतो ते इथे दिसतं. आम्हाला सुरुवातीला ऐकणारे म्हणजे बहुतेक वेळा अकराजण. त्यातले दोघं रस्त्यात भेटले की अजून विचारतात, पुढचं कधी?

त्यामुळे पुन्हा सुरू करतोय. तो तिथून फोनवर गिटार रेकॉर्ड करून पाठवतो, मी इकडे ड्रम वाजवतो. काल आलेली क्लिप चाळीस सेकंदांची आहे आणि तिच्यात चाल आहे, नक्की आहे. ठाण्याच्या ताई, तुम्ही वाजवता ती जॅम रूम, सरावाची खोली, तासावर मिळते का? महिन्यातून दोनदा तिकडे यायला मला जमेल. आणि डोंबिवलीच्या काकू, मुलांना सांगा, पहिल्या कार्यक्रमाला बोलवा. बारावा मी.